कुंतीची रोपं कुंपणासाठी घ्यावीत का?

छातीएवढं, बारमाही हिरवं, बिनकाट्याचं कुंपण हवं असेल आणि दोन-अडीच वर्षं थांबायची तयारी असेल, तर नर्सरीत ‘कामिनी’ किंवा ‘मधुकामिनी’ म्हणून मिळणारी कुंतीची रोपं डोळे झाकून घ्या. येत्या दिवाळीपर्यंत रस्त्यावरून अंगण दिसेनासं व्हायला हवं असेल, तर नका घेऊ. त्या कामाला कोयनेल आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

‘डोळे झाकून’ हे झाडापुरतं. रोप निवडताना मात्र डोळे उघडे हवेत. कामिनी या नावाखाली बाजारात जे विकलं जातं त्यात निदान दोन प्रकारची झाडं असतात, आणि कुंपण फसतं ते बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच.

कुंती हे तिचं मराठी नाव. फिकट सालीमुळे तिला पांढरीही म्हणतात. सह्याद्रीच्या रानात ती आपसूक वाढते, मोकळी सोडली तर पाच-सात मीटरचं लहान झाड होते. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. कूळ लिंबाचं, म्हणजे कढीपत्ता आणि संत्रं तिचे भाऊबंद. हे नातं लक्षात ठेवा. तिची ओळख, तिचा बहर, तिचे रोग आणि ती कुठे लावू नये हे सगळं त्या एका नात्यावरून कळतं.

आधी ओळख. पान संयुक्त असतं. एका देठावर तीन ते सात पर्णिका येतात, कधी नऊ. त्या समोरासमोर नसून आलटून पालटून असतात आणि टोकाकडची पर्णिका सर्वांत मोठी असते. वरची बाजू गडद आणि चकचकीत. पान चुरगाळलं की लिंबाच्या पानाचा, पण सौम्य वास येतो. तेच पान उजेडासमोर धरलं तर तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, पाकळ्या मागे वळलेल्या. आत दहा पुंकेसर, एक लांब एक आखूड असे. फळ सेंटीमीटरभर, लंबगोल, पिकल्यावर शेंदरी-लाल. त्यात एक किंवा दोन बिया.

गल्लत होते ती अग्लायाशी. तीही गडद हिरवी आणि सुवासिकच, पण तिच्या पर्णिका समोरासमोर असतात, देठाला दोन्ही बाजूंनी अरुंद पंखासारखी पट्टी असते आणि फुलं मोहरीएवढी, पिवळी. चुरगाळलेल्या पानाला लिंबाचा वास नाही. अग्लाया वाईट झाड नव्हे, पण कुंतीच्या रांगेत मधेच दोन आली की कुंपणाला ठिगळ लागल्यासारखं दिसतं.

आता दोन प्रकार. पहिला मोठ्या पानाचा, उंच वाढणारा. तो बियांपासूनही केलेला असतो, कलमाचाही. दुसरा ‘मिनी’: पानं बारीक, पेरं जवळजवळ, वाढ ठेंगणी. तो छाटकलम किंवा गुटीनेच करतात. गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या किनारीला मिनी उत्तम. पण मिनी महाग म्हणून मोठ्या प्रकाराची कोवळी रोपं मिनी म्हणून खपवली जातात. रोप बुटकं आहे म्हणून ते मिनी ठरत नाही, पेरं बघा. मिनीत एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचं अंतर बोटाच्या पेराहून कमी असतं आणि खोडाजवळूनच फांद्या फुटलेल्या असतात. मोठ्या प्रकारात शेंडा सरळ वर धावतो.

बियांचं रोप स्वस्त पडतं, त्याचं सोटमूळ खोल जातं आणि ते टिकाऊ असतं. फुलं मात्र उशिरा येतात, दोन-तीन वर्षांनी. कलमी रोप पहिल्याच पावसाळ्यात फुलू शकतं. लांबच लांब कुंपणाला बियांचं आणि व्हरांड्याजवळच्या चार-पाच मीटरला कलमी, ही वाटणी खिशालाही परवडते. घरी रोपं करायची असतील तर पिकलेलं फळ चोळून गर धुऊन काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. ही बी साठवून टिकत नाही. डब्यात ठेवून पुढच्या मृगात पेरली तर वाफा रिकामाच राहील.

नर्सरीत गेल्यावर उंच रोपाकडे हात आपोआप जातो. तिथेच थांबा. तीन फुटांचं, एकाच शेंड्याचं रोप कुंपणाला फुटाच्या, बुडातून तीन फांद्या फुटलेल्या रोपापेक्षा कमी मोलाचं आहे, दुकानदार काहीही सांगो. पिशवीच्या खालच्या भोकांतून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर रोप जुनं झालेलं आहे. पिशवीच्या आत मुळं गोल फिरली असणार आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात. पानं उलटी करून बघा. पानामागे कापसासारखा पांढरा पुंजका, तपकिरी खवले किंवा वरच्या बाजूला काजळी दिसली तर ती गाडीच परत पाठवा, एकदोन रोपं बाजूला काढून भागत नाही.

महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांत बराच माल आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून येतो. रोपं देखणी असतात, पण मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत ठेवला तर बाहेरची माती ओली आणि गोळा आतून कोरडा अशी अवस्था होते. रोप सुकतं, माणूस आणखी पाणी घालतो, खड्ड्यात पाणी साचतं आणि रोप दगावतं. म्हणून लावण्याआधी पिशवीसकट बादलीत दहा मिनिटं बुडवा, गोळ्याच्या बाजू बोटांनी सैल करा आणि तळाची दोन सेंटीमीटर जाडीची चकती धारदार सुरीने कापून टाका.

किती रोपं लागतील? मोठ्या प्रकाराला एकेरी रांगेत ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे १० मीटरला २३ रोपं. गच्च पडदा हवा असेल तर ३० सेंटीमीटरवर दुसरी रांग, रोपं पहिल्या रांगेच्या फटींसमोर, म्हणजे साधारण ४५. मिनीला ३० सेंटीमीटर, १० मीटरला ३४. दुकानदार ‘फुटाला दोन लावा’ म्हणेल. दोन वर्षांनी त्या गर्दीत अर्धी रोपं बुडातून उघडी पडतात आणि मधली दोनचार वाळतात. भिंतीपासून निदान ५० सेंटीमीटर लांब लावा, नाहीतर मागची बाजू छाटायला कात्री जाणार नाही.

सुटे खड्डे नकोत, सलग चर हवा: ४५ सेंटीमीटर रुंद, तेवढाच खोल. १० मीटरचा चर म्हणजे सुमारे ७० घनफूट माती. त्यात एक चतुर्थांश कुजलेलं शेणखत, म्हणजे तीस-पस्तीस घमेली. वर मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. त्याने हुमणी येते आणि कोवळी मुळं खाते. काळी चिकण माती असेल तर चराच्या तळाला मुरूम घाला आणि वरचा वाफा जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटीमीटर उंच करा. कुंती उन्हाळा सोसते, हलका दुष्काळ सोसते, पण पायाशी साचलेलं पाणी दोन आठवडेही सोसत नाही. अशा ठिकाणी आधी जुनी आणि नवी सगळीच पानं एकदम निस्तेज होतात, मग गळतात. तेव्हा पाणी बंद करून निचऱ्याचा पाट काढा आणि लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक बुंध्याशी ओता. अर्धी तरी वाचतात.

लावायची वेळ पाऊस बसल्यावरची, जूनअखेर ते जुलै. ऑगस्टपर्यंत चालेल. पाण्याला ठिबकची १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, ४० सेंटीमीटरवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड अर्धा तास, म्हणजे ड्रिपरमागे २ लिटर. वर बोटभर जाड पालापाचोळा. खत जून आणि सप्टेंबरमध्ये, १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश) मीटरला ५० ग्रॅम. लवकर वाढावी म्हणून युरिया मारू नका. युरियाने जी लुसलुशीत पालवी येते ती माणसापेक्षा किडीला जास्त आवडते.

छाटणीवर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण कुंतीची नव्वद टक्के बदनामी तिथे होते.

नेहमीची चूक अशी: रोप लावायचं, चार फूट होईपर्यंत हात लावायचा नाही आणि मग वरून सरळ रेषेत कापायचं. वर झुडूप आणि खाली काठ्या असं ते कुंपण होतं. कुत्रं आरपार जातं. कुंतीच्या जुन्या, पोसलेल्या खोडावर खालून फुटवे आपणहून येत नाहीत, शेंडा काढल्याशिवाय झाड बाजूला वळत नाही. म्हणून लावल्यावर पंधरा-वीस दिवसांनी नवी पालवी हलू लागली की रोप २५ ते ३० सेंटीमीटरवर कापा. हो, पैसे देऊन आणलेलं अर्धं रोप कापून टाकायचं. जीव तुटतो, पण कापा. त्यानंतर नवी वाढ १५ सेंटीमीटर झाली की अर्धी खुडा. पुन्हा १५ आली, पुन्हा अर्धी. असं केलं तर पहिल्या वर्षी उंची गुडघ्याच्या आसपास राहते, पण बूड भरतं. दुसऱ्या वर्षी कंबर, तिसऱ्या वर्षी छाती.

आकार नेहमी खाली रुंद, वर अरुंद. १ मीटर २० सेंटीमीटरच्या कुंपणाला बुडाशी ६०, माथ्याशी ४५ सेंटीमीटर. उलटं झालं, माथा रुंद झाला, की त्याची सावली खालच्या पानांवर पडते आणि ती गळतात. डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. दोन टोकांना काठ्या रोवून दोरी ताणा.

आणि फुलं. ‘आमची कुंती कधी फुलतच नाही’ ही सोसायट्यांची कायमची तक्रार. कारण सोपं आहे. कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात आणि माळ्याचा करार महिन्याला एक छाटणी असा असतो. टोकं दर महिन्याला कापली जातात, कळ्या त्यांच्याबरोबर कचऱ्यात. भरलेल्या कुंतीला वर्षात चार-पाच छाटण्या पुरतात. त्यांतली प्रत्येक एखादा बहर संपल्यावर लगेच करा. टोकाला हिरवे बारीक दाणे दिसत असतील तर कात्री पंधरा दिवस बाजूला ठेवा. करार लिहितानाच ‘महिन्याला’ऐवजी ‘बहरानंतर’ असं लिहून घ्या.

लिंबाचं कूळ इथे कामी येतं. संत्र्याला ताण देऊन बहार धरतात, तशीच कुंतीही ताणाला ऐकते. बसलेल्या कुंपणाचं पाणी दहा-पंधरा दिवस तोडा. पानं दुपारी किंचित मलूल दिसू लागली की एकदा भरपूर पाणी द्या. दोन ते चार आठवड्यांत बहर येतो. पावसाळ्यात दोन सरींमधल्या उघडिपीनंतर हे आपोआप घडतं, म्हणून जून ते ऑक्टोबर ती पुन:पुन्हा फुलते. संध्याकाळनंतर वास भरतो. दोन-चार दिवसांत पाकळ्या गळून खाली सडा पडतो, की लगेच कात्री. पहिल्या दोन वर्षांत मात्र ताण देऊ नका, मुळं अजून खोल गेलेली नसतात. ज्यांना तीव्र वासाने डोकं चढतं त्यांनी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली लावू नये.

पानं पिवळी पडणं हा दुसरा मोठा त्रास, आणि त्यात दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. जुनी, खालची पानं सारखी पिवळी पडली तर नत्र कमी आहे, शेणखत द्या. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, अशी जाळी दिसली तर लोह कमी पडतंय. हे चुनखडीच्या जमिनीत होतं, बोअरच्या जड पाण्याने वाढतं आणि कंपाउंड भिंतीलगत तर हमखास होतं, कारण बांधकामाचं डबर आणि गिलाव्याचा चुना तिथेच पुरलेला असतो. जमिनीत लोह नसतं असं नाही, चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून साधं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग होत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. कायमचा उतारा म्हणजे चर खणतानाच डबर उचलून नेणं आणि बाहेरची माती भरणं. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेटचं लोह घ्या. ते महाग आहे, पण चुनखडीत तेच टिकतं.

किडीत पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी. त्यांच्या चिकट स्रावावर काजळी धरते. साबणाच्या पाण्याने पानं धुवा, मग ५ टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने दोनदा. फुलं असताना फवारू नका, मधमाश्या असतात. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती लिंबाच्या झाडांवर पोसणाऱ्या फुलपाखरांची. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, राणी पाखरू, त्याच्याही अळ्या याच कुळातल्या झाडांवर वाढतात. भरलेल्या कुंपणाची दहा-वीस पानं गेली तर बिघडत नाही. पहिल्या वर्षीच्या रोपांवरच्या तेवढ्या वेचा.

एक कीड मात्र हसण्यावारी न्यायची नाही: सिट्रस सायला. कोवळ्या फुटीवर चपटी पिवळसर पिल्लं, त्यांच्या अंगातून निघणारे मेणाचे पांढरे धागे आणि वळलेली पानं. कुंतीचं ती फारसं बिघडवत नाही, पण संत्रं-मोसंबीतल्या ग्रीनिंग रोगाचे जिवाणू हीच कीड वाहून नेते, आणि कुंती हे तिचं आवडतं घर. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात ही कीड १९९८मध्ये सापडली, २००५मध्ये रोग सापडला. मधल्या काळात कीड राज्यभर पसरायला दुकानांतून विकली गेलेली कुंतीची शोभेची रोपं मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. म्हणून नागपूर-अमरावतीच्या संत्र्याच्या किंवा जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेला कुंतीचं कुंपण करू नका. शेताच्या बांधावर तर नाहीच, बागेशेजारच्या फार्महाउसलाही नको. शहरातल्या घरी कुंडीत एखादं लिंबू असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, पण दोन्हींची कोवळी फूट महिन्यातून एकदा बघत जा.

मग बाग असलेल्यांनी काय लावावं? कोयनेल. पावसाळ्यात वीतभर काड्या खोचल्या की फुटतात, म्हणजे रोपांचा खर्च जवळपास शून्य. पान कडू, शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. खाऱ्या वाऱ्यात कुंतीची पानं कडेने करपतात, कोयनेल मात्र किनाऱ्याचीच आहे. मुंबईत समुद्रासमोर, रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात, गोव्यात किनाऱ्यालगत तीच लावावी. किंमत पुढे द्यावी लागते: पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी छाटणी, नाहीतर ती रस्त्यावर येते. सोनेरी ड्युरांटा स्वस्त आणि झटपट आहे, पण सावलीत तिचा सोनेरी रंग उडून ती हिरवी होते आणि तिची पिवळी फळं विषारी आहेत. लहान मुलं किंवा कुत्री असलेल्या घरी ती नको. फायकसचं कुंपण देखणं दिसतं, काही वर्षांनी मुळं फरशी उचलतात.

गुण द्यायचेच तर कुंतीला वासाला दहापैकी नऊ, पानांच्या शोभेला नऊ, देखभालीला आठ, वाढीच्या वेगाला चार, खाऱ्या वाऱ्यात तीन. जनावरं अडवण्याच्या कामात पहिल्या वर्षी शून्य, शेळी कोवळी रोपं आरामात संपवते. तोपर्यंत पुढे तारेची जाळी हवीच.

जुनं, बुडातून उघडं पडलेलं कुंपण उपटून टाकायची घाई करू नका. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर ४५ सेंटीमीटरवर करवतीने कापा. लाकूड कठीण आहे, हातातल्या काठ्या आणि अवजारांचे दांडे त्याचे करतात, त्यामुळे साध्या कात्रीची धार जाईल. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. महिन्या-दीड महिन्यात बुडाशी फूट येते आणि मग ती नव्या रोपासारखीच १५ सेंटीमीटरच्या हिशेबाने घडवायची. एप्रिल-मेमध्ये हे करू नका. आतापर्यंत सावलीत असलेली साल उन्हाने भाजते आणि फांद्या टोकाकडून मागे वाळत येतात.

आणि खरेदीच्या दिवशी हिशेबापेक्षा तीन रोपं जास्त घ्या. ती कुंड्यांत वाढवा, रांगेतल्यांबरोबर छाटत जा. दोन वर्षांनी एखादं रोप मेलं तर तेव्हा बाजारात मिळेल ती वेगळ्या लॉटची, वेगळ्या पानाची असेल, आणि ती फट भरल्यावरही दिसत राहील.